दगडाला दाब, काँक्रीटला ताण: भूमध्य समुद्राकाठच्या उतारावरचे घर

इटलीच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेला लागून, लिगुरिया नावाचा चिंचोळा प्रांत आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच उभे राहणारे डोंगर आणि मधल्या पट्टीत गावे. नकाशा पाहणाऱ्या मराठी माणसाला कोकणच आठवावे. या प्रांतात इम्पेरिया शहराच्या मागच्या डोंगरात तावोले नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाजवळ ऑलिव्हच्या बागांमध्ये हेर्झोग आणि द म्युरॉं या स्विस वास्तुरचनाकार जोडीने १९८० च्या दशकात एक घर बांधले. पुढे जगभर मोठमोठी संग्रहालये आणि क्रीडागारे उभारणाऱ्या या जोडीचे हे सुरुवातीच्या काळातले काम, आणि माझ्या मते त्यांच्या सर्वांत शहाण्या कामांपैकी एक.

या घराची भिंत जवळून पाहावी अशी आहे. चपटे, करडे-तपकिरी दगड एकावर एक बसवलेले आहेत आणि त्यांच्या दरजांमध्ये चुना किंवा सिमेंट दिसत नाही. या रचाईच्या मधून काँक्रीटच्या बारीक रेषा जातात, काही आडव्या आणि काही उभ्या. जणू वहीच्या पानावर पट्टीने समास आखावा आणि चौकटींत दगड भरावेत, तशी ती भिंत दिसते. हे सुंदर आहेच, पण केवळ सौंदर्यासाठी केलेले नाही. दगडाला जे झेपते ते दगडाकडे आणि काँक्रीटला जे झेपते ते काँक्रीटकडे, अशी कामाची वाटणी त्या रेषांमधून उघड वाचता येते. उतारावरच्या दगड-काँक्रीटच्या घराची रचना समजून घ्यायची असेल, तर ही वाटणी आधी समजली पाहिजे.

दगडावर कितीही वजन ठेवा, तो सहज सोसतो. त्याला दाब चालतो, ताण मात्र चालत नाही. दाराच्या वर आडवी ठेवलेली लांब शिळा डोळ्यांसमोर आणा. वरच्या भिंतीच्या वजनाने ती किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. तडा जातो तो नेहमी या ताणलेल्या बाजूने. म्हणूनच जुन्या दगडी घरांची दारे-खिडक्या अरुंद असतात, आणि जिथे रुंद मोकळी जागा हवी तिथे कमान येते, कारण कमान सगळे वजन दाबाच्या रूपातच बाजूच्या भिंतींकडे पोहोचवते. काँक्रीट म्हणजे तरी एका अर्थी ओतलेला दगडच. त्यालाही ताण सोसत नाही. पण त्याच्या पोटात लोखंडी सळई घालता येते आणि तो ताण सळई घेते. त्यामुळे पाच-सहा मीटर रुंदीची खिडकी, पातळ छत, पुढे झेपावणारा छज्जा या गोष्टी शक्य होतात. आजच्या माणसाला घरातून दरी आणि समुद्र पाहायचा असतो, आणि तो दगडाच्या अरुंद खिडकीतून दिसत नाही. त्याला आजचे घर हवे असते, आणि त्या डोंगरात ते उपरेही वाटायला नको असते. या दोन इच्छांचा मेळ घालण्याचे काम ही वाटणी करते.

परंतु घराचा आराखडा काढण्याआधी जमीन वाचावी लागते. लिगुरियातील डोंगरउतार नैसर्गिक राहिलेला नाही. शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी तो पायऱ्यापायऱ्यांनी कापून त्यावर ऑलिव्ह आणि द्राक्षे लावली. या पायऱ्यांना तिथे ‘फाशे’ म्हणतात, आणि प्रत्येक पायरीची माती अडवणारी भिंत कोरड्या रचाईची असते. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भिंत वेगळी समजावून सांगायला नको. मोठे दगड खाली, त्यांच्या फटींत ठोकून बसवलेल्या कपच्या, मधूनमधून मातीत खोलवर जाणारा एखादा लांब दगड, आणि सबंध भिंतीला डोंगराच्या बाजूला दिलेला किंचित कल. दोन दगडांमधली उभी सांध वरच्या थरातल्या दगडाने झाकली गेलीच पाहिजे, हा गवंड्यांचा नियम तिथेही आहे आणि आपल्याकडेही. ही कला इटली, ग्रीस, क्रोएशिया, स्पेन अशा आठ देशांच्या वतीने युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१८ मध्ये नोंदवली गेली. त्याच किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांचा पायऱ्यापायऱ्यांचा परिसर १९९७ पासूनच जागतिक वारसा आहे.

या भिंतीची खरी कर्तबगारी माती अडवण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक ती पाणी न अडवण्यात आहे. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस शरद ऋतूपासून पुढे पडतो. पण तो येतो तेव्हा कधीकधी काही तासांतच कहर करतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी चिंक्वे तेर्रेमधील व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावे अशाच एका पावसात डोंगरावरून वाहत आलेल्या चिखल-दगडांखाली गाडली गेली आणि माणसे दगावली. शेती सोडून दिलेल्या, देखभाल नसलेल्या पायऱ्यांच्या पडक्या भिंती हा तिथल्या उतारांचा मोठा दुबळेपणा आहे. धडधाकट कोरडी भिंत पावसाचे पाणी हजार फटींतून हळूहळू खाली सोडते. ढासळलेली भिंत ते एकाच वाटेने सोडते, आणि त्या वाटेने मातीही जाते.

आता या उतारावर घर बसवायचे म्हणजे डोंगरात खोदाई करावी लागणार आणि खोदलेल्या बाजूला माती अडवणारी मोठी भिंत लागणार. इथे काँक्रीट लागते, आणि घात होण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त असते. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. तीन मीटर उंचीची भिंत आहे आणि तिच्यामागे साधी, वाळूमिश्रित कोरडी माती आहे, असे धरू. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ती माती सुमारे पावणेतीन टनांचा आडवा रेटा देते. आता समजा भिंतीमागे पाणी साचले आणि ते वरपर्यंत भरले. मातीचा रेटा थोडा कमी होतो, कारण पाण्यात ती हलकी होते. पण पाण्याचा स्वतःचा साडेचार टनांचा रेटा त्यात मिळतो आणि एकूण रेटा सहा टनांवर जातो. माती तीच, भिंत तीच, फक्त पाण्याला वाट मिळाली नाही म्हणून भार दुपटीहून अधिक झाला. अशी भिंत एकदम पडतेच असे नाही. ती आधी पोट काढते, तडकते, आतल्या खोलीत ओल आणते आणि मग एखाद्या ऑक्टोबरमध्ये जाते.

म्हणून जाणता रचनाकार काँक्रीटच्या भिंतीमागे जुन्या गडग्याचे काम पुन्हा उभे करतो. भिंतीच्या मागच्या अंगाला जलरोधक थर, त्याच्यामागे खडीचा उभा पट्टा, खडी आणि माती यांच्यामध्ये माती गाळून पाणी तेवढे सोडणारे कापड, आणि तळाशी छिद्रांचा पाइप, जो साचू पाहणारे पाणी घराच्या दोन्ही बाजूंना नेऊन सोडतो. त्या पाइपाला ठरावीक अंतरावर तपासणीसाठी वरपर्यंत येणारी तोंडे ठेवावी लागतात, कारण वीस वर्षांनी तो गाळाने भरणार हे ठरलेले आहे. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे डोंगराची भिंत आणि घराची भिंत एकच न करणे. दोन्हींच्या मध्ये माणूस चालेल एवढी बोळ सोडली, तर हवा खेळते, ओल आत येत नाही, मागच्या खोल्यांनाही उजेड मिळतो आणि बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. जागा वाया जाते अशी तक्रार घरमालक हमखास करतो. पण माझे मत विचाराल तर उतारावरच्या घरातली ती सर्वांत उपयोगाची जागा आहे.

घर उतारावर बसवण्याच्या पद्धतींबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. डोंगर कापून एक मोठे सपाट मैदान करायचे आणि त्यावर मैदानी प्रदेशातले घर आणून ठेवायचे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. त्यात मागे उंच कडा उभा राहतो आणि पुढे नव्या भरावावर घराचे अर्धे अंग येते. भराव दबत राहतो, कापलेली बाजू मात्र दबत नाही, आणि मधोमध तडे जातात. खांबांवर घर उचलून धरले तर जमीन फारशी दुखावत नाही, पण दगडाच्या जड भिंतींशी ही पद्धत जुळत नाही. दगडाच्या घराला मानवते ती तिसरी रीत: अस्तित्वात असलेल्या दोन-तीन पायऱ्यांवर घराचे तुकडे पायरीपायरीने बसवायचे, पाया सगळीकडे मूळ कठीण थरापर्यंत न्यायचा, आणि एका पायरीवरच्या खोलीचे छत वरच्या पायरीचे अंगण करायचे. अशा घरात प्रत्येक पायरीला खोदाई कमी उंचीची राहते. खोदाईतून निघालेला दगड भिंतींना लागतो, त्यामुळे तो वाहून न्यावाही लागत नाही आणि विकतही घ्यावा लागत नाही. आणि दरीच्या पलीकडून पाहणाऱ्याला ते घर म्हणजे डोंगरातली आणखी एक पायरी दिसते.

दगड किती आणि काँक्रीट किती, हा प्रश्न भूकंपाशीही बांधलेला आहे. २३ फेब्रुवारी १८८७ च्या पहाटे लिगुरियाच्या किनाऱ्याला मोठा भूकंप झाला. सान्रेमोजवळचे बुस्साना हे डोंगरमाथ्यावरचे दगडी गाव त्यात मोडले आणि लोकांनी ते सोडून खाली नवे गाव वसवले; जुन्याचे अवशेष आजही तिथे आहेत. मराठी वाचकाला यासाठी इटलीत जाण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला आणि आसपासच्या गावांत जे घडले, त्याचे कारणही हेच होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि कोपऱ्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा पट्टा नाही. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. अर्धा मीटर जाडीच्या दगडी भिंतीचा एक चौरस मीटर सव्वा टनाच्या आसपास भरतो. एवढे वजन आडवे हलले की भिंतीचे दोन थर सुटे होतात, एक आत पडतो आणि एक बाहेर. त्यामुळे भूकंपप्रवण भागातल्या आजच्या घरात भार पेलण्याचे आणि हादरा झेलण्याचे काम काँक्रीटच्या सांगाड्याने किंवा आतल्या काँक्रीटच्या भिंतीने करायचे, प्रत्येक मजल्याला सळईचा सलग पट्टा फिरवायचा, आणि दगडाचा बाहेरचा थर गंज न चढणाऱ्या पोलादी आकड्यांनी मागच्या भिंतीला धरून ठेवायचा. दगड मग स्वतःचे वजन स्वतः खाली नेतो, पण घराचा जीव त्याच्यावर टांगलेला नसतो.

उन्हाचा विचार करताना अंदाजाने चालत नाही, कोन मोजावे लागतात. सुदैवाने ते गणित शाळकरी आहे. लिगुरिया सुमारे ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण ६९ अंशांवर असतो आणि डिसेंबरात केवळ २२-२३ अंशांवर. दक्षिणेकडे तोंड असलेल्या मोठ्या खिडकीवर ९० सेंटिमीटरचा काँक्रीटचा छज्जा काढला, तर जूनच्या भर दुपारी त्याची सावली सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर खाली येते, म्हणजे सबंध खिडकी झाकली जाते. तोच छज्जा डिसेंबरात जेमतेम ३७ सेंटिमीटर सावली देतो आणि ऊन खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते. एकही यंत्र न लावता उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब. हे प्रमाण मात्र त्या अक्षांशाचे आहे. पुण्यात जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे लिगुरियातल्या घराचे छायाचित्र दाखवून ‘असाच छज्जा काढा’ असे आपल्या अभियंत्याला सांगण्यात अर्थ नाही.

पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला छज्जा पुरत नाही. त्यासाठी लिगुरियात जुने, बहुधा हिरव्या रंगाचे लाकडी झडपांचे दरवाजे आहेत. त्यांच्या खालच्या भागात बाहेर उचलता येणारी एक स्वतंत्र झडप असते. दुपारी दरवाजे बंद करून ती तेवढी तिरपी उचलून ठेवली की ऊन आत येत नाही, पण खालून वारा येतो आणि घरातल्या माणसाला खालचा रस्ताही दिसतो. नव्या घरात काचेच्या भिंतीपुढे सरकत्या लाकडी झडपा लावताना हा साधा तपशील विसरला जातो, याचे मला वाईट वाटते.

उजेडाच्या बाबतीत स्पेनच्या मायोर्का बेटावरचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा मूळ रचनाकार योर्न उत्झॉन याने ते काम १९६६ मध्ये सोडल्यावर काही वर्षांनी त्या बेटावर, पोर्तो पेत्रोजवळच्या कड्यावर, स्वतःसाठी ‘कान लिस’ हे घर बांधले. तिथला स्थानिक दगड पिवळसर आणि मऊ आहे, आपल्या जांभ्या चिऱ्यासारखा खाणीतच कापून काढता येणारा. करवतीच्या पात्याचे गोल ओरखडे त्याने दगडावर तसेच राहू दिले आणि छतासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या तयार काँक्रीट तुळया वापरल्या. खिडक्या खोल कोनाड्यांसारख्या आहेत आणि काचेच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवल्या आहेत, त्यामुळे आत बसलेल्याला चौकट दिसत नाही, फक्त दगड आणि समुद्र दिसतो. इतकी काळजी घेऊनही समुद्रावरून येणारी चकाकी डोळ्यांना सोसेना, आणि १९९० च्या दशकात त्याने बेटाच्या आतल्या बाजूला, डोंगरउतारावर ‘कान फेलिस’ हे दुसरे घर बांधले. समुद्र जितका जवळ तितके घर चांगले, असे मानणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जाड दगडी घर उन्हाळ्यात थंड राहते हे सर्वांना ठाऊक असते. का राहते हे समजले तर नव्या घरात चूक होत नाही. जाड भिंत दिवसभराची उष्णता हळूहळू पिते आणि ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत दहा-बारा तास जातात, तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून गार वारा आत घेता येतो. डोंगरउताराला रात्री वरून खाली वाहणारी थंड हवा मिळते, हे त्याचे आणखी एक भाग्य. हिवाळ्यात मात्र तीच भिंत घरातली ऊब सतत बाहेर घालवते. म्हणून आजची भिंत तीन थरांची करतात: बाहेर दगड, मध्ये ८ ते १० सेंटिमीटर उष्णतारोधक थर, आणि आत काँक्रीट. मधल्या थराने भिंतीतून जाणारी उष्णता जवळपास सहा पट कमी होते, आणि आतले जड काँक्रीट खोलीचे तापमान धरून ठेवते. काँक्रीट आतून उघडे ठेवण्याचे हे खरे कारण आहे. त्यावर लाकडी तक्तपोशी किंवा जिप्समचे आवरण चढवले की ते खोलीपासून तुटते आणि त्याचा उपयोग संपतो.

या थरांमधली एक फट फार त्रास देते. खोलीतला स्लॅब तसाच सलग बाहेर नेऊन छज्जा केला, तर मधला उष्णतारोधक थर तिथे तुटतो आणि त्या पट्टीतून थंडी आत शिरते. हिवाळ्यात छताच्या कडेला ओलसर काळी बुरशी धरते ती याच रेषेवर. तावोलेच्या घरासारख्या बाहेर दिसणाऱ्या काँक्रीटच्या रेषा आज काढायच्या, तर आतला सांगाडा आणि बाहेरची रेषा यांच्यामध्ये उष्णता अडवणारा, पण पोलादी सळयांनी भार पेलणारा खास जोड घालावा लागतो. तो महाग असतो; तरीही कात्री लावायची तर ती फरशीवर लावावी, या जोडावर लावू नये.

समुद्राकाठच्या काँक्रीटचा शत्रू मुंबईकराला ओळखीचा आहे. खारी हवा हळूहळू आत शिरते, सळईला गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. स्लॅबचे पोपडे पडून सळया उघड्या पडलेल्या इमारती आपण रोज पाहतो. उपाय महागडा नाही, शिस्तीचा आहे: सळईवर चार ते पाच सेंटिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, पाणी कमी घातलेले घट्ट काँक्रीट, नीट कुटाई, आणि ओतल्यानंतर उन्हात वाळू न देता पुरेसे दिवस पाणी मारणे. भूमध्य समुद्राकाठच्या जुलैत काँक्रीट ओतणाऱ्याने हे शेवटचे काम टाळले, तर बारीक चिरा पहिल्याच आठवड्यात पडतात आणि मिठाला दार उघडे होते. खडी आणि वाळू त्याच डोंगराच्या दगडाची घेतली, तर काँक्रीटचा रंग दगडाशी आपोआप जुळतो; शिवाय फळ्यांच्या शटरिंगचे लाकडी रेघोटे पृष्ठभागावर राहू दिले, तर दगडाच्या आडव्या थरांशी त्यांची संगत बसते.

छतावर पडणारे पाणी वाहू देण्याऐवजी साठवावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मायोर्काच्या कोरड्या भागात वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो; दीडशे चौरस मीटरच्या सपाट छतावर तो साठ हजार लिटर होतो. त्यातले काही वाया गेले तरी बागेचा उन्हाळा निभावतो. उतारावर खालच्या पायरीत टाके बांधले, तर त्याची काँक्रीटची भिंत वरच्या पायरीची माती अडवण्याचेही काम करते, मात्र टाके रिकामे असतानाही ती रेटा सोसेल अशी बांधावी लागते.

वणव्याचा विचारही नकाशावर आधीच हवा. आग चढावर वेगाने पसरते, म्हणून घराच्या खालच्या बाजूच्या पायऱ्यांवर वाळके गवत आणि पाइनची झाडे वाढू न देता ऑलिव्ह ठेवावेत आणि त्यांच्या बुडाची जमीन स्वच्छ राखावी. दगड-काँक्रीट जळत नाही. पण उडत आलेली ठिणगी लाकडी झडपेत अडकली तर घर आतून पेटते.

आणि एक काम, जे मी कुठल्याही दगडाच्या घराच्या आधी करायला सांगेन. पाया खोदला की त्याच खोदाईतल्या दगडाची एक मीटर रुंद, एक मीटर उंच नमुन्याची भिंत रचून घ्यावी, तिला लागून ठरलेल्या मिश्रणाचा काँक्रीटचा एक तुकडा ओतावा, आणि दोन्ही जागेवरच, उघड्यावर, एक हिवाळाभर राहू द्यावेत. गवंड्याचा हात कसा आहे, दरजा किती बारीक बसतात, पाऊस दगडाला कुठला रंग चढवतो, काँक्रीटवर पाण्याचे ओघळ कुठून उतरतात, हे सगळे त्या तुकड्यावर दिसते. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी बोटभर रुंदीची खाच ठेवायची की नाही, याचे उत्तर तर पहिल्याच सरीत मिळते: खाच नसेल, तर ओघळ मागे सरकत भिंतीपर्यंत येतो आणि दगडावर काळी रेघ ओढतो.